सातवी जागा

ऑगस्टातला शेवटचा गुरुवार. पिओरियाच्या वेशीवर मका डोक्याच्या वर गेलेला,
आणि आम्ही पालक मुलांच्या खुर्च्यांत
गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलो.
मिसेस हॅगर्टींनी पिवळा कागद वाटला:
पाचवीच्या वर्षात काय अपेक्षित आहे.
अपूर्णांक. पाच परिच्छेदांचा निबंध.
बँड; वाद्य मुलांनी स्वतः निवडावं.
मार्चमध्ये शरीराबद्दलची फिल्म, पालकांची सही लागेल.
आणि सगळ्यात खाली: डिओडरंट. कृपया.
सगळे हसले. मीही हसले,
मग कागदाची घडी केली, फार बारीक.

केतकीने ट्रॉम्बोन निवडला.
बासरी होती, क्लॅरिनेट होतं,
मांडीवर मावेल असं काहीही चाललं असतं.
ही आपल्याएवढी पेटी फरपटत घेऊन आली.
ट्रॉम्बोनला बटणं नसतात, आई. नळी पुढे सरकवायची.
सात जागा असतात, पण खूण एकावरही नाही.
मग कळतं कसं?
ऐकून, म्हणाली. हात कुठे थांबवायचा ते ऐकून.

सातवी जागा सगळ्यात लांब.
तिचा हात पाचवीपर्यंत जायचा,
खांदा उपसून काढला तर सहावी.
दोन महिने घरात जणू म्हैस अडली होती.
शेजारच्या पुलियमांचा कुत्रा
प्रत्येक सुराला उत्तर द्यायचा,
आणि तोच जास्त सुरात होता.

अपूर्णांक शिकवायला मी बसले.
छेद समान कर, म्हटलं, तर विचारते, कोणाला छेदू?
मग मी माझी पोतडी सोडली: पाव, पाऊण, सव्वा, दीड.
अडीचपाशी ती थांबली.
एवढ्याशा आकड्याला स्वतःचा शब्द?
मग आठवडाभर घरात सगळं अडीच.
अडीच पोळ्या. अडीच मिनिटं थांब ना.
मला अडीच मैत्रिणी आहेत.
अर्धी कोण, ते सांगितलं नाही.

नोव्हेंबरात डबा अर्धा परत यायला लागला,
तेव्हा कळलं: ऑब्री आता दुसऱ्या टेबलावर बसते.
पिवळ्या कागदावर हे नव्हतं.
मी उलटूनही पाहिला.

शाळेच्या दाराशी नको, पोस्टपेटीपाशी सोड.
बरं.
आणि हात नको हलवू.
बरं.
बर्फात ती पेटी ओढत गेली, मागे एक रुंद रेघ.
मी हात स्टिअरिंगवर ठेवले, दोन्ही.

मार्चमध्ये सही केली.
त्या संध्याकाळी नदीवरच्या पुलावर, वायपर चालू,
ती म्हणाली, तीन गोष्टी विचारायच्यात.
पण तू समोर बघ.
मी समोर बघितलं. ट्रकचे लाल दिवे बघितले.
दोन उत्तरं पुलावरच दिली.
तिसरं द्यायला पूल पुरला नाही,
पेट्रोल पंप मागे गेला, आमचं वळणही मागे गेलं.
ती काही बोलली नाही. हीटर तेवढा वाढवला.

रात्री कापडी कासव शोधत खोलीभर फिरली.
ते तिनेच सप्टेंबरात देऊन टाकायच्या खोक्यात टाकलं होतं.
खोकं गेलं. कासव मी काढून ठेवलं होतं,
कपाटात, माझ्या स्वेटरखाली.
कसं काय, असं तिने विचारलं नाही.

मे महिन्यात व्यायामशाळेत कार्यक्रम,
घडीच्या खुर्च्या, पंख्यांची घरघर.
दुसऱ्या गाण्यात सातव्या जागेचा एकच सूर होता.
बँडच्या मिस्टर ओसेईंनी सांगून ठेवलेलं,
नाही पोचला हात तर सोडून दे, कोणाला कळणार नाही.
मी मोजत बसले होते.
तिने सोडला नाही.
खुर्चीच्या कडेवर सरकली, अख्खी पुढे वाकली,
हात, खांदा, कान, वेणी,
नळीचं टोक पुढच्या मुलाच्या डोक्यामागे
बोटभर अंतरावर येऊन थांबलं.

सूर आला की नाही, देव जाणे.
एकतीस वाद्यं एकदम वाजत होती.

परत जाताना पेटी मागच्या सीटवर, पट्टा लावून.
पुलावर आल्यावर मी विचारलं,
पोचला का गं?
समोर बघ, म्हणाली.