फुली

डिचोलीच्या निबंधक कचेरीत
कारकून ओल्या बोटानं जाड वहीचं पान उलटतो.
एकोणीसशे अठ्ठावन्न, मये गाव.
आईचं नाव तिथे एक्सनं सुरू होतं.

पोर्तुगीज लेखनिकाचा 'श' तसाच असायचा, तिरपा.
शाळेच्या दाखल्यावर ती साधी शेवंती,
पासपोर्टवर झेवंती,
आणि लिस्बनहून परत आलेल्या माझ्या अर्जावर
लाल शाईत एकच ओळ:
अर्जदाराची आई नेमकी कोण?

टंकलेखक इनासियो पायरीवर बसतो, छत्रीखाली.
म्हणाला, प्रतिज्ञापत्र करू, तिघी एकच आहेत असं.
दीडशे रुपये, शिक्का वेगळा.

आई वहीवर वाकली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकली.
"ही तर फुली," म्हणाली,
"गणित चुकलं की बाई मारायच्या, तशी."
मग बराच वेळ काहीच नाही.
"बापायनं फुलाचं नाव सांगितलं असणार.
त्यानं फुली लिहिली.
थोडक्यात चुकलं."

कारकून फातर्पेकर हसला नाही.
त्याची जेवणाची वेळ झाली होती.

परतताना बसमध्ये प्रतिज्ञापत्र उघडलं.
तिन्ही नावं बरोबर, अगदी फुलीसकट.
फक्त खाली, मुलाचं नाव हवं तिथे,
इनासियोनं माझ्याऐवजी
वडिलांचं टाइप केलंय.

मी कपाळावर हात मारला.
आईनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला,
आणि मयेचं तळं येईपर्यंत
पदराआड हसत राहिली.
"हे मात्र खोडू नकोस," म्हणाली,
"मरेपर्यंत तसाच वागला."