कुलपाचं झाकण

बंद पडायची ती नेमकी पडावच्या पुलावर,
चढ संपता संपता,
मागे टेम्पो, टेम्पोमागे अख्खं ग्वाल्हेर हॉर्नवर हात ठेवून.
घरून निघून वीस मिनिटं झाली की एक आचका,
मग दुसरा,
मग नुसता टायरांचा आवाज.

अठ्ठ्याहत्तरची फियाट, मुरारच्या एका मेजरच्या बाईंकडून घेतलेली,
रंग पिस्त्याचा,
म्हणजे डब्यात राहून गेलेल्या पिस्त्याचा.

इद्रीस मिस्त्री म्हणाला, कचरा.
जिन्सी नाल्याच्या कडुलिंबाखाली त्यानं कार्ब्युरेटर उघडला,
जेट ओठांत धरून फुंकलं,
फ्लोट कानाशी हलवून पाहिला: आत पेट्रोल नाही, शाबूत आहे.
सुई बदलली. पॉइंट घासले.
आयडलचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे,
मान तिरकी, डोळे मिटलेले, तंबोरा लावावा तसा.
"अब मक्खन है, मॅडम."
मक्खन फूलबागेपर्यंत टिकलं.

मे महिन्यात सगळ्यांचं एकमत झालं की ऊन.
नळीतच वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो.
मी अकरावीला केमिस्ट्री शिकवते, मला लगेच पटलं.
पंपावर ओलं फडकं बांधलं, पायाशी पाण्याची बाटली.
बंद पडली की उतरायचं, फडकं भिजवायचं,
रसवाल्याच्या छत्रीखाली उभं राहायचं.
अर्ध्या तासानं सुरू व्हायची.
श्रेय फडक्याला.

जानेवारीत, धुक्यात, स्वतःचंच बॉनेट दिसत नव्हतं तेव्हा
ती तितक्याच मिनिटांनी बंद पडली.
ऊन निर्दोष सुटलं.

त्या दिवशी इद्रीस शेजारी बसला होता.
त्यानं बॉनेटला हातच लावला नाही.
मागे गेला, किल्ली मागितली,
टाकीचं झाकण फिरवलं
आणि टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला
की मला तो पुढच्या सीटवर ऐकू आला.
सेल्फ मारला. चालू.

झाकण नवं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं,
दौलतगंजातून आणलेलं, कुलपाचं, हवाबंद.
जुन्याला बारीक भोक होतं.

आणलं कारण रात्रीत पेट्रोल कमी व्हायचं.
गाडी धुवायला समोरच्या गल्लीतला भूरा यायचा,
चौदा-पंधरा वर्षांचा,
त्याच्याकडे हौदातून पाणी ओढायची एक प्लास्टिकची नळी होती.
मी त्याला काही म्हटलं नाही.
फक्त झाकण बसवलं
आणि किल्ली त्याच्यासमोर पर्समध्ये टाकली.
पेट्रोल जायचं थांबलं.
भूराही यायचा थांबला.
हे म्हणाले, बघ.

इद्रीस आता गाडीखाली आडवा होता,
नुसती चप्पल दिसत होती.
"टंकी के पास नली में चीर है. पुरानी है.
रात भर टपकता होगा.
ढक्कन कसा, तो टपकना भी कम."

एकवीस वर्षं मी पोरींना पिपेट धरायला शिकवते.
वर बोट दाबा, थेंब अडतो.
बोट उचला, पडतो.
प्रॅक्टिकलला याचे पाच मार्क.

नळी चाळीस रुपयांना आली.
झाकणाला त्यानं सुईएवढं भोक पाडलं,
किस फुंकून टाकला,
भोकाचे पैसे घेतले नाहीत.

भूऱ्याचं आता हजीऱ्याला पंक्चरचं दुकान आहे.
पाटी नाही, खिळ्याला एक टायर.
मी आठवड्यातून दोनदा तिथून जाते.
दुसऱ्या गिअरवर आणते, हळू करते.
एकदा तर तापलेल्या गाडीचा चोक पूर्ण ओढून पाहिला.
खोकली,
काळा धूर सोडला,
चालत राहिली.