सहावा रकाना

प्रपत्रात चौदा रकाने आहेत.
सहाव्यात विचारलंय : संबंधित व्यक्तीस स्वतःचे हित कळते काय?
होय किंवा नाही. एकावर खूण करायची.

आयर्विन पूल ओलांडून मी सांगलीवाडीत उतरते,
चंपाक्का मगदूमांच्या उंबऱ्यात चपला काढते.
भिंतीवर पुराच्या तीन रेघा : एक माझ्या कमरेला,
एक खांद्याला, एकीसाठी मान वर करावी लागते.
प्रत्येकीखाली कोळशानं साल. अक्षर अक्कांचं,
पाणी ओसरल्यावर, चिखल काढायच्याही आधी.

पुतण्या भरतेश आधीच येऊन बसलाय.
"लिहा की मॅडम, डोकं ठिकाणावर नाही.
गॅस चालू ठेवते. परवा न्हाणीत पडली.
कुपवाडच्या आश्रमात जागा आहे, पैसे मी भरतो."
तो वाईट माणूस नाही.
हे लिहायला रकाना नाही.
त्याच्या पिशवीतून शाईचं पॅड डोकावतंय, अंगठ्यासाठी.
अक्कांना सही येते.

मी त्याला चहा आणायला पाठवते.
शासन निर्णयात हे नाही, पण आमच्या कामात
सगळ्यात आधी हेच :
माणसाला एकटं गाठून विचारणं.

आज वार कोणता?
"तू आलीस म्हंजे मंगळवार. सोमवारी तुमची मीटिंग असती."
शंभरातून सात वजा करत जा अक्का.
"कुणाचं देणं फेडायचंय?"
तरी करते. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
थांबते. "हे माझं वय. ह्याच्या खाली आता जाता येत न्हाई."
आणि पाणी आलं तर?
"चाळीस फुटाला पिशवी भरायची. पंचेचाळीसला निघायचं.
पडायचंच म्हटलं तर आश्रमातबी फरशीच हाय."

सव्वीस वर्षं झाली मला.
विट्याच्या एका म्हाताऱ्याला 'होय' लिहिलं होतं,
दार अकराव्या दिवशी फोडलं.
तासगावच्या एका बाईला 'नाही' लिहिलं,
स्वच्छ चादर, वेळेवर गोळ्या,
आणि तिनं बोलणं सोडून दिलं.
दोन्ही फाइली बंद झाल्यात. कार्यालयाच्या दृष्टीनं.

भरतेश कॅरीबॅगेत चहा घेऊन येतो.
अक्का तीन कप काढतात, त्याचा बिनसाखरेचा,
न विचारता.

सहावा रकाना : होय.
शेरा : न्हाणीत दांडी बसवणे. गॅसची नळी बदलणे.
पुतण्याशी पुन्हा बोलणे, रागावल्याशिवाय.
खाली माझी सही, हुद्दा, शिक्का.
शिक्का नेहमीसारखाच थोडा वाकडा.

ऑगस्ट. रात्रीचे अडीच. विश्रामबागेत माझ्या घरात
मी फोनवर पुलाची पातळी बघत बसलेय. अडतीस.
न राहवून नंबर लावते.
पहिल्याच रिंगला उचलतात.
"जागीच हाय. अजून दोन फूट हाईत.
तू झोप."