अकरा सेकंद

राडिमनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
"भोंगा वाजतो, आणि पट्टा अकरा सेकंदांनी हलतो.
नियमात तीन आहेत. हे अकरा कशाला?"
तेहतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
घोडं बरोबर इथंच पेंड खात होतं
आणि पोराला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं.

मी आले तेव्हा इथे रिले होते,
भिंतभर, टकटकणारे,
शंभर बायका एका खोलीत विणत बसल्यासारख्या.
आवाजावरून कळायचं कुणाचा टाका सुटला.
मग खोकी आली, खोली गप्प झाली.
आमची नवी भाषा शिडीची:
हे असेल, ते नसेल, तर हे चालू.
पायरीखाली पायरी.

मोराव्हियाच्या या सपाट मुलखात
सप्टेंबरात बीट निघायला लागलं
की जानेवारीपर्यंत कारखाना डोळा मिटत नाही.
धुकं, चिखल, ट्रॅक्टरांची रांग,
आणि उकडलेल्या मातीचा तो वास,
जो आमच्या लग्नाच्या फोटोलाही येतो, असं योसेफ म्हणतो.
रात्री तीनला फोन: "प्रोग्राम बिघडलाय."
प्रोग्राम बिघडत नाही.
सेन्सरच्या डोळ्यावर चिखल असतो,
किंवा उंदरानं केबल कुरतडलेली असते,
किंवा कुणी स्विचात झाडूचा दांडा अडकवून
जेवायला गेलेलं असतं.
ठपका तरी प्रोग्रामवर,
कारण तो उलट बोलत नाही.
मी जाते, बोटानं काच पुसते, परत येते.
"काय होतं?" योसेफ झोपेतच विचारतो.
"काही नाही."
चाळीस वर्षं मी हे 'काही नाही' दुरुस्त करत आले.

त्या ओळीपुढे माझाच शेरा आहे: यांत्रिक कारण.
खोटा आहे.
पट्ट्याच्या शेपटाशी अलोइस असायचा, दगड वेचत.
डावा गुडघा वाकत नव्हता,
तरुणपणी वॅगनखाली सापडलेला.
भोंगा झाला की कठड्याबाहेर यायचं.
तीन सेकंदांत त्याचं नुसतं वळून व्हायचं.
त्याला विचारलं असतं, तर म्हणाला असता, जमतंय की.
मुकादमाला सांगितलं असतं,
तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा दिसला असता.
मग मी सेन्सर पुसायचं सोंग घेतलं,
कोटाच्या खिशात स्टॉपवॉच.
आठ. नऊ. पुन्हा नऊ.
पाऊस होता त्या दिवशी अकरा.
अकरा घातले. अळीमिळी गुपचिळी.
त्याला कळलं की नाही, ठाऊक नाही.
त्या नाताळात माझ्या पॅनेलपाशी एक बादली होती,
तिच्यात जिवंत कार्प, गोल गोल फिरणारा.
चिठ्ठी नव्हती.

राडिमनं हिशेब केलाच:
इतक्या वेळा थांबणं, गुणिले आठ,
हंगामाला एवढे टन.
आकडा बरोबर होता. मीही तो कधीतरी काढला होता.
"आता कुठे असतात ते?"
"चर्चमागे. पंधरा वर्षं झाली."
"मग तीन करतो."
"कर."

त्यानं कळ दाबली नाही.
जाकीट घातलं, खाली गेला.
कॅमेऱ्यात दिसला मला शेपटाशी, ठेंगणा, करडा,
भोंगा झाला तसा निघाला,
बिटाच्या पाल्यावरून घसरला, सावरला,
परत गेला, पुन्हा निघाला.
तिथल्या मुलीनं आपले गमबूट काढून दिले त्याला.
ते दोन नंबर लहान असावेत.
तो त्यांतही चालला.

वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.
"नऊ," म्हणाला.
लॅपटॉप आता त्याचा आहे, मी काय बोलणार.
माझा शेरा त्यानं खोडला
आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं:
स्वतः चालून पाहिलं.

संध्याकाळी भोंगा झाला.
सवयीनं मी मोजायला लागले.
नवाला पट्टा हलला.
माझ्याकडे दोन सेकंद शिल्लक राहिले.