दुसरी वाट

झाब्झेच्या तळघरात अलोइझ
सच्छिद्र काँक्रीटची वीट कोरतोय
स्क्रूड्रायव्हरनं. वीट आधी भिजवलेली;
धूळ त्याच्या छातीत आहे तेवढी पुरे.

तीन दालनं, मधे पेन्सिलभर बोगदे,
कडेला पाण्याची खाच.
वर काच, काचेवर लाल कागद :
मुंग्यांना लाल म्हणजे अंधारच.

परीक्षानळीत राणी, कापसाला टेकून.
जुलैत पंख टाकलेली,
आता अकरा लेकींची आई.

नात विचारते, हे भोक कशाला?
नकाशात नाहीये.
तो भोक जरा रुंद करतो.
एकतीस वर्षं कोळशात उतरलेला माणूस
एका वाटेचं घर बांधत नाही.

आठवड्याभरात मुंग्यांनी
कण कण वाळू आणून
नेमकं तेच बुजवलं.

अलोइझ बघत राहिला.
मग दिवा घालवून
जिना चढला, पायऱ्या मोजत.