द्वारकेजवळची वखार

जिभाऊ मिस्त्री फळी डोळ्याशी धरतात,
एक डोळा मिटून.
"पीळ आहे. ठेव."
दुसरीच्या टोकाला थुंकीचा अंगठा फिरवतात;
ओल बारीक चिरेत पळते,
वीतभर आत.
"भट्टीत घाई केली हिला."

गाठीवर टिचकी.
जिती गाठ लाकडाच्याच आवाजात बोलते,
मेली गप्प, उद्या निसटायच्या बेतात.

पेठच्या सागात काळानिळा डाग निघाला.
मी म्हटलं, कुजलंय.
"हुंग."
लोखंडाचा वास.
रोपटं असताना कुणी खिळा ठोकला असेल,
कंदील टांगायला वगैरे,
आणि झाड त्याच्याभोवती वाढत राहिलं.

वखारवाला निम्म्यात द्यायला तयार.
जिभाऊंनी करवतीचे दात आठवले बहुतेक,
मग पैसे मोजले.
खिळा उपसू का?
"आता कशाला?
वळसा घालून कापू."