रेडिएटरच्या मागे

वॉकलीचा चढ टेसला आता झेपत नाही.
दिव्याचा खांब आला की थांबते,
वास घेतल्यासारखं करते.
मला कळतं, दम खायची ही सबब आहे.
मीही वाकून बुटाची नाडी बांधतो,
सुटलेली नसताना.

शेफील्डमध्ये सपाट असं काही नाहीच.
पाव आणायला उतार, म्हणजे परतताना चढ.
ग्लेनिस केअर होममध्ये गेली तेव्हा
तिची ही लॅब्रेडॉर, वय अकरा, वजन एकोणचाळीस किलो,
एक पट्टा, चघळून बिनपायाचा झालेला रबरी खेकडा
आणि गोळ्यांचा अर्धा डबा
आमच्या पदरी पडला.

डब्यावर हवेत झेपावणारा कुत्रा.
त्याच्याखाली बारीक अक्षरांत
ग्लुकोसामीन, काँड्रॉइटिन, शिंपल्यांची पूड.
सव्वीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभा आहे मी.
माणसांच्या गुडघ्यांसाठी हेच विकलंय,
आणि कुणी थेट विचारलंच,
"खरंच लागू पडतं का?"
तर चष्मा पुसत म्हटलंय,
"काहींना पडतं."

व्हेट मिस ओकाफर चष्मा लावत नाही.
म्हणाली, पुरावा तोकडा आहे.
अपाय बहुधा व्हायचा नाही. माशाच्या तेलाची बाजू जरा बरी.
पण आधी हिचं सहा किलो उतरवा,
जिन्याला गालिचा लावा,
आणि दुखत असेल तर दुखण्याचं औषध द्यायला लाजू नका.
मी मान हलवली
आणि येताना नवा डबा घेतला. अठ्ठावीस पौंड.

रोज सकाळी चीजच्या गोळ्यात एक गोळी.
रोज रात्री फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दहापैकी मार्क.
चार. चार. पाच.
तिसऱ्या आठवड्यात तिने पुढचे पाय सोफ्यावर टेकवले,
मी सात दिले, खाली रेघ ओढली.
कुत्र्याची कशावर श्रद्धा नसते,
म्हणून हा गुण औषधाचाच,
असं सुनेत्राला रुबाबात सांगितलं.
ती गालिचा ठोकत होती,
तोंडात खिळे होते, म्हणून काही बोलली नाही.

मार्चमध्ये बॉयलरवाला आला.
त्याने हॉलमधला रेडिएटर भिंतीवरून उतरवला
आणि म्हणाला, "हे तुमचं का?"
सत्तावीस गोळ्या.
चीज तेवढं चाटूनपुसून घेतलेलं,
एकीला केस चिकटलेला, बाकीच्या अगदी डब्यातल्यासारख्या.
टेस त्यांच्याकडे बघून शेपूट हलवत राहिली,
जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तशी.

सुनेत्रा इतकी हसली
की बॉयलरवाल्याला चहा विचारायचा राहिला.
मी कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं.
सात. सात. साडेसात.
गोळी तिच्या नावाची,
गुण आला तो मला.

पण सोफा मी पाहिला होता.
ते पाय खरे होते.
वजनकाटा चार किलोने उतरला होता, तोही खरा.
एका लांब फेरीच्या तीन छोट्या झाल्या होत्या,
जिन्यावर आता तिची नखं घसरत नव्हती.
यातलं कशाने किती,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला सुचेना.
डॅडीच्या... नाही, ग्लेनिसच्या त्या अर्ध्या डब्यातल्या
किती गोळ्या तिच्या घरच्या रेडिएटरमागे असतील,
हाही विचार आला, आणि मी तो तिथेच सोडला.

रात्री टेस जिन्याच्या तळाशी उभी राहते.
डावा मागचा पाय उचलते, परत ठेवते.
मी शेजारी बसतो, माझा गुडघा कट्‌ वाजतो,
ती कान टवकारते.
तळहात तिच्या मांडीखाली धरतो,
तिथे ऊब असते, आणि एक बारीक थरथर.
मग दोघं एकेक पायरी.

रविवारी तिला घेऊन ग्लेनिसकडे जायचंय.
ग्लेनिस आधी कुत्र्याचं तोंड कुरवाळेल
आणि मग मला विचारेल,
"गोळ्या देताय ना? लागू पडतात ना?"
या वेळी चष्मा पुसायचा नाही, असं ठरवलंय.
बघू.